पाद्र्याची परीक्षा

एखाद्या देशाचा इतिहास सांगताना आपण सामान्यतः लढाया, तह, कायदे आणि सत्तांतरे यांचा आधार घेतो. आज मी एका चित्रपटाचा आधार घेणार आहे. 'लेआँ मोरँ, प्रेत्र' हे त्या फ्रेंच चित्रपटाचे नाव. 'प्रेत्र' म्हणजे धर्मगुरू. आपल्या रूढ बोलीत पाद्री. जाँ-पिएर मेलव्हिल या दिग्दर्शकाचा हा चित्रपट १९६१ साली प्रकाशित झाला. जाँ-पोल बेलमाँदो या नटाने त्यात पाद्र्याची आणि एमान्युएल रिव्हा या नटीने बार्नी नावाच्या तरुण विधवेची भूमिका केली. कथानक दोन वाक्यांत सांगता येईल असे आहे. देवधर्म न मानणारी बार्नी या पाद्र्याच्या सहवासात येते, श्रद्धाळू होते आणि त्याच्या प्रेमात पडते. पाद्री आपल्या व्रतापासून ढळत नाही. विश्वामित्र-मेनकेची कथा लहानपणापासून ऐकत आलेल्या आपल्या मनाला वाटेल, की मोहावर विजय मिळवणाऱ्या तपस्व्याची ही आणखी एक गोष्ट आहे. परंतु तशी समजूत करून घेतली तर या चित्रपटाचा गाभाच हातातून निसटतो. तो हाती यावा म्हणून फ्रान्समधील पाद्र्याची दीडशे वर्षांची हकीकत थोडक्यात पाहणे अवश्य आहे.

प्रथम एका शब्दाविषयी. मनुष्याला धर्ममार्गापासून खेचणाऱ्या आकर्षणाला आपण 'मोह' म्हणतो. मराठी बायबलात मात्र या प्रसंगी 'परीक्षा' हा शब्द योजलेला आढळतो. अरण्यात सैतानाने येशूची घेतली ती 'परीक्षा'. मला हा शब्द फार अर्थपूर्ण वाटतो. मोह म्हटला की लक्ष मोहविणाऱ्या वस्तूकडे जाते. परीक्षा म्हटली की ज्याची परीक्षा होते त्या माणसाकडे जाते. फ्रेंच पाद्र्याच्या कथेत प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे. या माणसाजवळचे सगळे काही काढून घेतल्यावर मागे काय उरते, हा तो प्रश्न आहे.

आता त्याच्या पदाविषयी. वसई आणि गोव्याकडील आपल्या ख्रिस्ती श्रोत्यांना हे सांगण्याची गरज नाही, इतरांसाठी सांगतो. कॅथलिक पाद्री अविवाहित असतो. पाश्चात्त्य धर्मसंस्थेत हा नियम ११३९ सालच्या लॅटरन धर्मपरिषदेने पक्का केला. त्यानंतर १२१५ सालच्या परिषदेने प्रत्येक प्रौढ श्रद्धावंताने वर्षातून निदान एकदा पाद्र्यापुढे आपल्या पापांचे निवेदन करावे असे ठरविले. पापनिवेदनात जे कानी पडले ते पाद्र्याने मरेपर्यंत कोणास सांगावयाचे नाही. हे दोन नियम एकत्र वाचले, की या पदातील अवघडपणा ध्यानी येतो. ज्याने स्वतः कोणाशीही संसाराचे नाते जोडावयाचे नाही, त्याच्यापाशीच गावातील प्रत्येक जण आपल्या अंतःकरणातील अत्यंत खाजगी गोष्ट बोलून दाखवितो. इतकी जवळीक आणि इतके अंतर एकाच माणसाने एकाच वेळी सांभाळावयाचे असते.

फ्रेंच राज्यक्रांतीपूर्वी हा पाद्री एका बलाढ्य संस्थेचा प्रतिनिधी होता. चर्चच्या मोठ्या जमिनी होत्या, शेतसाऱ्यासारखा दशांश कर होता, जन्ममृत्यूच्या नोंदी पाद्र्याच्याच हाती होत्या. नोव्हेंबर १७८९ मध्ये क्रांतिकारकांच्या सभेने चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन केली. जुलै १७९० मध्ये पाद्र्यांना राज्याचे पगारी सेवक ठरविणारा कायदा झाला आणि पुढे त्यांनी राज्यघटनेशी निष्ठेची शपथ घ्यावी असे फर्मान निघाले. गावोगावच्या पाद्र्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांनी शपथ घेतली, उरलेल्यांनी नाकारली. एकाच गावात एक सरकारमान्य पाद्री उजळमाथ्याने प्रार्थना चालवीत आहे आणि दुसरा कोठारात लपून तीच प्रार्थना म्हणत आहे, असे चित्र अनेक ठिकाणी दिसू लागले. सप्टेंबर १७९२ मध्ये पॅरिसच्या तुरुंगांत जमावाने केलेल्या कत्तलीत दोनशेंहून अधिक धर्मगुरू मारले गेले.

नेपोलियनने १८०१ साली पोपशी करार करून ही आग विझविली. त्या कराराने पाद्र्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली. पण ती सरकारी प्रतिष्ठा होती. बिशपांची नेमणूक राज्यकर्त्याने सुचवावयाची आणि पाद्र्यांचे वेतन सरकारी तिजोरीतून द्यावयाचे, अशी व्यवस्था शंभर वर्षांवर चालली. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या माझ्यासारख्याला या व्यवस्थेचे गुणदोष चटकन समजतात. पगार ठरलेला असला की मनुष्य निश्चिंत होतो. आणि निश्चिंत झाला की आपले काम आणि आपली खुर्ची यांतील भेद विसरण्याचा संभव असतो. गावात शाळामास्तर आणि पाद्री असे दोन सत्ताधीश झाले. १८८१ आणि १८८२ च्या कायद्यांनी जूल फेरी यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले, तेव्हा या दोघांतील झगडा राष्ट्रीय राजकारणाचा विषय बनला. द्रेफ्यूस या ज्यू अधिकाऱ्यावरील खोट्या आरोपाच्या प्रकरणात बरेच कॅथलिक पुढारी आणि वृत्तपत्रे अन्यायाच्या बाजूस उभी राहिली, त्यामुळे प्रजासत्ताकवाद्यांचा रोष शिगेला पोचला.

त्याचा परिणाम म्हणजे ९ डिसेंबर १९०५ चा कायदा. या कायद्याने राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत झाली. प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य राहिले, परंतु राज्य कोणत्याही पंथाला मान्यता किंवा वेतन देणार नाही असे ठरले. जुनी चर्चे सरकारच्या वा ग्रामपंचायतींच्या मालकीची झाली. त्यांचा वापर करण्याची मुभा तेवढी उपासकांना राहिली. आल्सेस आणि मोझेल हे भाग त्या वेळी जर्मनीच्या ताब्यात असल्यामुळे तेथे हा कायदा लागू झाला नाही, आणि तेथील पाद्र्यांना आजही सरकारी वेतन मिळते. अन्यत्र मात्र पाद्र्याचा पगार थांबला, दबदबा गेला, शाळा गेली. त्याच्यापाशी उरला तो काळा झगा आणि लोकांची इच्छा असेल तेवढाच मान.

परंतु इतिहासाचा विचित्र न्याय असा, की या फारकतीतूनच पाद्री पुन्हा माणसांच्या जवळ आला. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने आपल्या धर्मगुरूंनाही इतर नागरिकांप्रमाणे सैन्यात बोलावले. पाद्री, मठवासी आणि धर्मविद्यार्थी मिळून तीस हजारांहून अधिक लोक रणांगणावर गेले. त्यांतील सुमारे साडेचार हजार परत आले नाहीत. खंदकातील चिखलात ज्याने आपल्याबरोबर रात्री काढल्या, त्या माणसाच्या झग्याविषयी शेतकऱ्याला आणि कामगाराला पूर्वीसारखा द्वेष वाटेना. द्वेष ओसरला, श्रद्धा मात्र परतली नाही. विसाव्या शतकातील फ्रेंच पाद्र्याला छळापेक्षा उपेक्षा अधिक भोगावी लागली.

ही उपेक्षा ज्याने प्रथम साहित्यात उतरविली तो लेखक म्हणजे जॉर्ज बेर्नानोस. त्याची 'एका खेड्यातील पाद्र्याची रोजनिशी' ही कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली आणि तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीचा मोठा पुरस्कार मिळाला. तिच्यावरून रोबेर ब्रेसाँ याने केलेला चित्रपट १९५१ साली लोकांसमोर आला. उत्तर फ्रान्समधील एका पावसाळी, कुंद गावात एक तरुण पाद्री आपल्या पहिल्या नेमणुकीवर येतो. पोटाच्या दुखण्याने तो पाव आणि मद्य यांपलीकडे काही खाऊ शकत नाही. गावकरी त्याला मद्यपी समजतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातील मुलीसुद्धा त्याची टवाळी करतात. मुलाच्या मृत्यूने देवावर रुसलेल्या एका सरदारपत्नीच्या मनाला तो एका दीर्घ संभाषणातून शांती देतो, ती त्याच रात्री मरण पावते आणि दोष त्याच्यावरच येतो. हे सर्व होत असता त्याला स्वतःला प्रार्थना करता येईनाशी झालेली असते. जी शांती आपल्यापाशी नाही ती दुसऱ्याला देण्याचे काम त्याच्या वाट्याला आले आहे. या पाद्र्याला ना स्त्रीचा मोह पडतो ना धनाचा. त्याची परीक्षा निराशेची आहे. 'माझ्या असण्याने काहीही फरक पडत नाही' असे वाटत असताना आपले काम करीत राहावयाचे की नाही, हा त्याच्यापुढील प्रश्न. तो काम करीत राहतो, आणि कर्करोगाने तरुणपणीच मरतो.

ब्रेसाँचा पाद्री शांततेच्या काळातील आहे. मेलव्हिलचा पाद्री युद्धकाळातील आहे, आणि तेथे परीक्षा केवळ एका माणसाची नव्हती. जून १९४० मध्ये फ्रान्सचा पराभव झाला. विशी येथे मार्शल पेताँ यांचे सरकार आले. धर्म, कुटुंब आणि श्रम यांची भाषा बोलणाऱ्या या सरकारविषयी बहुतेक बिशपांना आपुलकी वाटली. फारकतीच्या कायद्याने जे गमावले ते परत मिळण्याची आशा त्यामागे होती. त्याच सरकारने ऑक्टोबर १९४० मध्ये ज्यूंविरुद्ध कायदा केला, आणि धर्मपीठावरून जाहीर निषेध उमटला नाही. १६ आणि १७ जुलै १९४२ रोजी फ्रेंच पोलिसांनी पॅरिस व परिसरातील सुमारे तेरा हजार ज्यू स्त्रिया, पुरुष आणि मुले पकडली. युद्ध संपेपर्यंत फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठविण्यात आले; त्यांतील फारच थोडे परतले.

या काळोखात पहिला मोठा आवाज उठला तो तुलूजचे आर्चबिशप साल्येज यांचा. अर्धांगवायूने त्यांची वाचा जवळजवळ गेली होती. त्यांनी लिहिलेले छोटेसे पत्रक २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांच्या प्रांतातील चर्चांतून वाचले गेले. ज्यूही माणसेच आहेत, आपलेच बांधव आहेत, त्यांच्याशी वाटेल तसे वागता येत नाही, असा त्याचा आशय होता. सरकारी अधिकाऱ्याने वाचनाला बंदी घातली असताही पुष्कळ पाद्र्यांनी ते वाचले. त्यानंतर अनेक मठांतून, वसतिगृहांतून आणि खेड्यांतील पाद्र्यांच्या घरांतून ज्यू मुले लपविली गेली. धर्मसंस्था एकाच वेळी दोन प्रकारे वागली : वरिष्ठांपैकी पुष्कळांनी सत्तेशी जुळवून घेतले, आणि खालच्या पायरीवरील कितीतरी लोकांनी जिवावर उदार होऊन माणसे वाचविली. फ्रेंच बिशपांनी आपल्या पूर्वसूरींच्या मौनाबद्दल जाहीर क्षमायाचना केली ती पुढे १९९७ साली, द्राँसी येथे. ज्यूंना मृत्युछावण्यांकडे धाडण्यापूर्वी जेथे कोंडून ठेवीत, त्याच ठिकाणी.

बेआत्रिस बेक या लेखिकेने हा काळ स्वतः भोगला होता. तिचा नवरा कोणत्याही देशाचे नागरिकत्व नसलेला ज्यू होता. तो १९४० साली मरण पावला. एका लहान मुलीला घेऊन तिने युद्धाचे दिवस काढले. पुढे ती काही काळ आंद्रे जीद यांची चिटणीस होती. तिची 'लेआँ मोरँ, प्रेत्र' ही कादंबरी १९५२ साली प्रसिद्ध झाली आणि तिला त्या वर्षीचे गाँकूर पारितोषिक मिळाले. मेलव्हिलचे मूळ आडनाव ग्रुंबाख. तो आल्सेसमधील ज्यू घराण्यातला. प्रतिकार चळवळीत असताना त्याने अमेरिकन कादंबरीकाराच्या नावावरून मेलव्हिल हे नाव धारण केले आणि पुढे तेच कायम ठेवले. ज्यूची विधवा असलेली लेखिका आणि ज्यू घराण्यातील दिग्दर्शक या दोघांना एका कॅथलिक पाद्र्याविषयी इतका आदराने विचार करावासा का वाटला, याचे उत्तर त्या युद्धकाळात आहे.

आता चित्रपटाकडे वळू. आल्प्स पर्वताच्या पायथ्याचे एक छोटे गाव. आधी तेथे टोपीला पिसे लावलेले इटालियन सैनिक येतात. त्यांच्याकडे लोक कुतूहलाने पाहतात. ऱ्होन नदीच्या पूर्वेकडील हा प्रदेश नोव्हेंबर १९४२ पासून इटलीच्या ताब्यात होता, आणि इटालियन अधिकारी ज्यूंना जर्मनांच्या हवाली करीत नसत. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रे खाली ठेवली, जर्मन फौजा आल्या, आणि हा आश्रय रातोरात नाहीसा झाला. बार्नी पॅरिसहून येथे हलविलेल्या एका पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या शाळेत काम करते. तिच्या मुलीचा बाप ज्यू होता. मुलीला धोका पोचू नये म्हणून ती, स्वतः साम्यवादी विचारांची असूनही, तिचा बाप्तिस्मा करविते. दाखल्यावरचे एक अक्षर जीव वाचवू शकेल असे ते दिवस होते.

एके दिवशी पाद्र्याची फजिती करावी या हेतूने ती पापनिवेदनाच्या लाकडी कोठडीत शिरते. कोठड्यांवरील नावे वाचून ती मोरँ हे नाव निवडते, कारण त्या नावावरून तो शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला असावा असे तिला वाटते. आत जाऊन ती धर्म म्हणजे लोकांची अफू असे ऐकविते. तो चिडत नाही, दचकत नाही. उलट तिच्या म्हणण्यातील काही भाग मान्य करून पुढे बोलू लागतो. हल्ला करावयास आलेली स्त्री संभाषणात गुंतते. तो तिला आपल्या खोलीवर बोलावितो, पुस्तके देतो, तिच्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर देतो आणि कित्येकदा तिच्या पवित्र्यांची खिल्लीही उडवितो. त्याची खोली उघडीबोडकी आहे. त्याच्याकडे पेताँवर विश्वास असणारी बाईही येते आणि प्रतिकार चळवळीला साहाय्य करणारी माणसेही येतात. सत्ता, पगार आणि दबदबा गेल्यानंतर पाद्र्यापाशी काय उरले याचे उत्तर मेलव्हिलने या खोलीत दाखविले आहे. एक टेबल, काही पुस्तके, आणि समोरच्या माणसाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेण्याची तयारी, एवढेच ते आहे.

अखेरीस बार्नी श्रद्धावंत होते. आणि त्याच सुमारास आपण या माणसावर प्रेम करतो हेही तिच्या लक्षात येते. आपली श्रद्धा देवावरची की देवाचे नाव घेणाऱ्या या देखण्या पुरुषावरची, हे तिचे तिलाही सांगता येत नाही. एका प्रसंगी तो तिच्याकडे लाकडे फोडीत असता ती विचारते, तुम्ही प्रॉटेस्टंट पंथाचे उपदेशक असता, म्हणजे तुम्हाला विवाहाची मोकळीक असती, तर माझ्याशी लग्न केले असते का? प्रश्न थट्टेतला नाही हे कळताच तो कुऱ्हाड ओंडक्यात रोवतो आणि एक शब्द न बोलता निघून जातो. पुढे एकदा ती त्याला स्पर्श करू पाहते, तेव्हा तो मागे सरतो आणि तिला पापनिवेदनासाठी येण्यास सांगतो. जेथे ती प्रथम त्याची टर उडवावयास गेली होती, त्याच कोठडीत आता तिला खरोखरीच काही सांगावयाचे असते. युद्ध संपते. पाद्र्याची बदली जेथे कोणी चर्चकडे फिरकत नाही अशा दूरच्या खेड्यांकडे होते. शेवटच्या भेटीत त्याची खोली पूर्ण रिकामी आहे. पुन्हा गाठ पडेल ती परलोकातच, अशा अर्थाचे काही बोलून तो तिला निरोप देतो, आणि ती जिना उतरून जाते.

या बदलीलाही इतिहास आहे. गोदँ आणि दानियेल या दोन धर्मगुरूंनी १९४३ साली एक पुस्तक लिहून, फ्रान्स हा आता धर्मप्रसारकांनी जावे असा देश झाला आहे काय, असा प्रश्न विचारला होता. पॅरिसचे कार्डिनल स्युहार यांच्या पाठिंब्याने मग काही पाद्री झगा उतरवून कारखान्यांत आणि बंदरांवर मजूर म्हणून राबू लागले. दहा वर्षांत या 'कामगार-पाद्र्यांची' संख्या शंभरांच्या आसपास गेली. ते संपात उतरले, कामगार संघटनांत शिरले. रोमला ते मानवेना. १ मार्च १९५४ पर्यंत कारखाने सोडावे असा आदेश निघाला. निम्म्यांच्या आसपास पाद्र्यांनी तो मानला नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस या कामाला पुन्हा अनुमती मिळाली. बेकची कादंबरी आणि मेलव्हिलचा चित्रपट यांच्या दरम्यान हा सारा वाद फ्रान्समध्ये धुमसत होता. पाद्र्याने लोकांच्या किती जवळ जावे, हा प्रश्न तेव्हाच्या प्रेक्षकांच्या घरातला होता.

चित्रपटातील पाद्री निर्दोष आहे काय? तसे मला वाटत नाही. आपल्या व्यक्तिमत्त्वाचे आकर्षण त्याला ठाऊक असावे असा संशय येतो. गावातील अनेक तरुण स्त्रिया त्याच्या खोलीवर येतात, आणि आत्मे जिंकण्याच्या या खेळात त्याला थोडी गोडी वाटत नसेल असे म्हणवत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे त्याची खरी परीक्षा तेथे आहे. स्त्रीचा मोह त्याने ओळखला आणि टाळला; जिंकण्याचा मोह अधिक सूक्ष्म असतो, कारण तो सत्कार्याचा वेष घेऊन येतो. मेलव्हिलने याचा निवाडा केलेला नाही. पाद्र्याच्या मनात काय चालले होते हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. आपल्याला दिसते ते फक्त त्याचे वर्तन.

आज या वर्तनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे, आणि तिचे कारण सांगितल्यावाचून हे भाषण अपुरे राहील. फ्रेंच बिशपांनीच नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगाने ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आपला अहवाल प्रसिद्ध केला. १९५० पासूनच्या सत्तर वर्षांत धर्मगुरू आणि मठवासी यांच्या लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या अल्पवयीन मुलामुलींची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असावी, असा त्या आयोगाचा अंदाज आहे. अत्याचार करणाऱ्यांची संख्या निदान २९०० ते ३२०० असल्याचे त्याने नमूद केले. आयोगाचे अध्यक्ष जाँ-मार्क सोव्हे हे फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायसंस्थेचे उपाध्यक्षपद भूषविलेले सनदी अधिकारी. स्वतः श्रद्धावंत कॅथलिक. धर्मसंस्थेने पीडितांपेक्षा आपल्या नावलौकिकाची अधिक काळजी वाहिली, हा अहवालाचा निष्कर्ष त्यांना मांडावा लागला.

हा अहवाल वाचल्यानंतर कुऱ्हाड रोवून निघून जाणाऱ्या पाद्र्याचा प्रसंग निराळा भासू लागतो. १९६१ सालच्या प्रेक्षकाने त्यात व्रतस्थाचा संयम, किंवा कदाचित त्याची निष्ठुरता पाहिली असेल. आपल्याला आणखी एक गोष्ट दिसते. जी व्यक्ती आपल्यापुढे मन उघडे करून बसली आहे, तिच्यावर आपला अधिकार चालतो, मग पगार, शिक्का, खुर्ची यांतले काहीही आपल्यापाशी नसले तरी. हा अधिकार कोणत्या कायद्याने दिलेला नसतो आणि कोणता कायदा तो सहजासहजी काढूनही घेऊ शकत नाही. १९०५ च्या कायद्याने पाद्र्याचे वेतन थांबविता आले. पापनिवेदनाच्या कोठडीतील त्याचा अधिकार तसाच राहिला. अधिकाऱ्यापुढे अर्ज घेऊन उभा असलेला गरजू, वैद्यापुढे बसलेला रोगी, गुरुजींपुढील विद्यार्थी, या सर्वांच्या बाबतीत हेच खरे आहे. समोरच्याची गरज हेच आपले बळ होऊन बसते. त्या बळाचा उपयोग आपल्यासाठी करावयाचा नाही हे ज्याला कळले, तो परीक्षेत उतरला.

बेकचे निधन २००८ साली झाले, मेलव्हिल १९७३ मध्येच गेला होता. रिव्हा २०१७ साली आणि बेलमाँदो २०२१ साली निवर्तले. चित्रपट मात्र अजून पाहिला जातो, आणि याच कादंबरीवर फ्रान्समध्ये २०१७ साली नवा चित्रपटही प्रकाशित झाला. फ्रान्समधील चर्चे आज पुष्कळशी ओस असतात. कितीतरी गावांत पाद्री राहत नाही, एकाच पाद्र्याला अनेक गावांचा भार वाहावा लागतो. मोरँ ज्या ओसाड खेड्यांकडे निघाला होता ती खेडी आता अधिकच ओसाड आहेत. तरीही त्या उघड्याबोडक्या खोलीत एका नास्तिक स्त्रीचे म्हणणे जे ऐकून घेतले गेले, आणि तिच्या विश्वासाचा जो गैरफायदा घेतला गेला नाही, त्याचे मोल उणे झालेले नाही. आपल्यापैकी ज्यांना हा चित्रपट पाहण्याचा योग येईल, त्यांनी पाद्री मोहाला बळी पडतो की नाही एवढ्याच उत्सुकतेने तो पाहू नये. तो ऐकतो कसा आणि थांबतो कोठे, तिकडे लक्ष ठेवावे, इतकीच माझी विनंती आहे.